मुंबईला पोहोचलेला खडा

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी रहिमतपूरजवळच्या एका खेड्यात मास्तर होतो. वर्गातल्या निम्म्या पोरांचे बाप पलटणीत, आणि भूगोल म्हटलं की त्याच पोरांच्या कपाळाला आठ्या. घोकंपट्टीचा मलाही तिटकारा. म्हणून शाळेच्या अंगणात पोरांकडून शेणामातीचा नकाशा करून घेतला. समुद्राच्या जागी राख पसरली, कैरोपासून आमच्या गावापर्यंत चुन्याची वाट ओढली. पत्रात ठिकाण लिहायची बापांना मनाई, पलटण इजिप्तकडं आहे एवढंच ठाऊक, तेव्हा सगळ्यांच्या नावाचे खडे कैरोलाच ठेवले.

घरी पत्र आलं की खडा एक ठाणं पुढं. आधी त्या ठाण्याची माहिती सांगायची. सुएझ, एडन, कराची, मुंबई. खडा गावात पोहोचला की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. बाप होता तिथंच असायचा, सरकायचा तो खडा. पण एवढी लबाडी चालते, असं मला वाटलं. पोरं झोपेतही बंदरं सांगू लागली. शाळाखात्याचे दिपोटी तपासणीला आले आणि शेरेबुकात शाबासकी लिहून गेले. मी आठवडाभर हवेत होतो.

चौथीतली एक मुलगी सगळ्यांच्या पुढं होती. तिच्या बापाचा खडा मुंबईला आला. एकदा तिच्या आईनं मला पाणंदीत गाठलं.

"व्हय वो गुरुजी, पोरगी म्हणती, त्येनी ममईला आल्यात. खरं हाय का?"

डोक्यावर वैरणीचा भारा होता आणि चेहरा नुसता फुलला होता. नाही म्हणायला माझी जीभ रेटली नाही. मी हसलो आणि पुढं गेलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

पुढच्याच महिन्यात तार आली. इंग्रजी वाचणारा गावात मी एकटाच, त्यामुळं पोस्टमन ती घेऊन शाळेतच आला. मी मुलीच्या घरी गेलो आणि उंबऱ्यात उभं राहून वाचून दाखवली. आई रडली नाही. मला समजावल्यासारखी म्हणाली, "तुमचं चुकतंय गुरुजी. त्येनी तर ममईला हाईत."

तेरावं झाल्यावर मुलगी शाळेत यायला लागली. आणि मग तिच्या बापाचं पत्र आलं. मरायच्या आधी लिहिलेलं, वाटेत कुठंतरी रखडलेलं. ते घेऊन ती सरळ नकाशापाशी गेली. कोणी काही बोलायच्या आत तिनं नियमाप्रमाणे आमच्या गावाची माहिती सांगितली. ओढा, देवीचं देऊळ, सोमवारचा बाजार. मग मुंबईचा खडा उचलून गावात ठेवला आणि मागं वळली.



"वाजवा की रं टाळ्या," ती म्हणाली. "आबा आल्यात."

पोरं माझ्या तोंडाकडं बघायला लागली. नियम माझाच होता. पहिली टाळी मलाच वाजवावी लागली.