माडाला बांधलेली एरिअल

"मास्तर, पोराचं नाव तरी ऐकू येल का?" सीताबाईंनी मला विचारलं. रेडिओतून तेव्हा फक्त मासळी तळल्यासारखा चर्रचर्र आवाज येत होता.

गोष्ट एकोणीसशे तीसनंतरची. सीताबाईंचे यजमान दामूशेठ यांची उरणला मिठागरं होती. गाण्यापायी भांडून घर सोडलेला त्यांचा मुलगा काशिनाथ त्या संध्याकाळी मुंबई रेडिओ स्टेशनवर गाणार होता. बापलेकांत बोलणं नव्हतं. रेडिओ मात्र शेठनीच घेतला होता. म्हणे, बाजारभाव ऐकायला. आवाज येतजात होता म्हणून मुंबईच्या दुकानातून मला, म्हणजे 'एक्सपर्ट'ला, बोलावलं होतं.

मी ऐटीत सेट उघडला. व्हॉल्व्ह, म्हणजे आतले काचेचे दिवे, बदलले. बॅटरी बदलली. आवाज आला, पुन्हा गेला. मग मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "ही ढगांची गडबड. तिला इलाज नाही."

"मंग तुला कशाला आनला?" शेठ म्हणाले.

मी सेटला कान लावला, आणि तेव्हा लक्षात आलं. वाऱ्याचा झोत आला की आवाज जायचा, वारा पडला की परत यायचा. मी बाहेर पावसात धावलो. एरिअल, म्हणजे स्टेशनचा आवाज पकडणारी लांब तार, छपरावरच्या बांबूपासून माडापर्यंत बांधली होती. माड डोलला की तार सैल पडून ओल्या पत्र्याला टेकायची आणि पकडलेला आवाज पत्र्यातच मुरायचा.

नवी बांधायला वेळ नव्हता. शिडी लावून छपरावर चढलो. पायातला रबरी बूट काठीच्या टोकाला खोवला आणि त्याने तार वर उचलून धरली.

"आला, आला! हलू नको!" शेठ आतून ओरडले.

मी हललो नाही. अंगावर पाऊस, एका पायात बूट. पत्रा असा वाजत होता की गाण्याचा एक सूरही मला ऐकू आला नाही.

खाली आलो तेव्हा सीताबाई डोळे पुसत होत्या. शेठ भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"कसा गायला?" मी विचारलं.

"बरा गातंय," ते म्हणाले. "उद्या मी बी येतो मुंबईला. मिठाचं काम हाय."

दुसऱ्या दिवशी बोटीत त्यांच्या मांडीवर सुक्या बोंबलांचं गाठोडं होतं. काशिनाथला आवडतात, असं त्यांनी मी न विचारताच सांगितलं. मी शिंकत होतो.

तेव्हापासून सेटचा पहिला स्क्रू काढण्याआधी मी घराला बाहेरून एक चक्कर मारतो. छत्री घेऊन.