चांगुणाबाईचं पान

"कादंबरी नवी असावी पण काळ जुना असावा, म्हंजे वाचणाऱ्याला घाई राहत न्हाई," असं कारभारी एकदा म्हणाले होते. परतूरच्या वाचनालयात ते वाक्य पुढं बरेच दिवस फिरत राहिलं.

कारभारी अण्णा एसटीत कंडक्टर होते. मुक्कामाच्या गाडीत, डेपोतल्या बाकावर, जिथं टेकता येईल तिथं वाचत त्यांनी नोकरी काढली. निवृत्त झाल्यावर बाजाराच्या दिवशी दुपारी ते वाचनालयात बसत आणि नवी आलेली ऐतिहासिक कादंबरी सांगत. वाचून दाखवत नसत, सांगत. भाजी विकून मोकळ्या झालेल्या बाया, पेन्शनर, उन्हातून आत आलेलं कुणीही सतरंजीवर बसून ऐके. ज्याला गोडी लागे तो मग पुस्तक घरी नेई. ग्रंथपाल रामप्रसाद म्हणत, "अण्णांनी चांगलं म्हणलं की पुस्तक कपाटात ठरत न्हाई."

मग त्यांच्या नजरेच्या ऐन मध्ये एक काळा डाग आला. कडेकडेचं दिसे. दाराची चौकट, माणसाचे कान, पानाचा समास दिसे. अक्षर मात्र डागाखाली जाई. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर आता परत यायची नाही. कारभारींनी हे एकट्या बायकोला, नंदाबाईला सांगितलं आणि तिला गळ्याची शपथ घातली. तरीही बाजार आला की ते जाऊन बसत. नंदाबाई अडखळत पुस्तकाची मागची बाजू तेवढी वाचून दाखवी. त्या चार ओळींवर ते घोडी दौडवत, किल्ले पाडत, माणसं मारत. पुस्तक परत करताना कुणी म्हणे, "अण्णा, तुम्ही सांगितलं ते लई भारी होतं, ह्यात तसं काय सापडलं न्हाई." बाकीचे हसत. कारभारीही हसत. घरी गेल्यावर जेवण जात नसे. पण लाजेचीही माणसाला सवय होते.

यंदा हैदराबादच्या मुक्तिसंग्रामावरची एक जाडजूड कादंबरी आली. कारभारी ती सांगायला बसले, तेव्हा भिंतीला टेकलेले संपत गुरुजी मध्येच बोलले. गुरुजी बौद्ध वस्तीतले, शाळेतून हेडमास्तर होऊन निवृत्त झालेले. जीभ तिखट.

"काय अण्णा, ह्यात आमच्यातलं कुणी हाय का? का पुन्हा गढीवरचे लढले अन् आम्ही नुसते भाकरी खाऊन झोपलो?"

सगळे हसले. कारभारींना माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणावं, तर पुस्तक वाचलं नाही हे उघडं पडत होतं.

"हाय की," ते म्हणाले.

म्हणाले खरे, आता ते सांगणं भाग होतं. मागं कधीतरी चहा पिताना गुरुजींनीच आपल्या आईची गोष्ट सांगितली होती. जाफराबादच्या वरच्या अंगाला निजामाची हद्द संपायची. तिथं नऊ-दहा वर्षांची चांगुणा डोक्यावर शेणाची पाटी घेऊन इकडून तिकडं जायची. शेणाखाली काडतुसं असायची. त्या वस्तीतल्या पोरीची पाटी म्हणून नाक्यावरचा शिपाई तिला हात लावत नसे. कारभारींनी ती पाटी उचलली आणि कादंबरीत ठेवली. बाया पुढं सरकल्या. पुढच्या बाजारी आणखी माणसं आली. वाचनालयात एकच प्रत होती, ती सांगणं संपेपर्यंत कारभारींकडंच राहायची.

"पोरीचं नाव काय दिलंय?" गुरुजींनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

"चांगुणा."

गुरुजी भिंत सोडून पुढं सरकले. मग म्हणाले, "मागं एक पोरगी टेप घेऊन मायकडं आल्ती. तीच असंल ही. मायला विचारून लिहिलं बघा."

सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, वाचनालयानं लेखिकेला बोलावलं. कारभारी आजाराचं सांगून घरी राहणार होते, पण गुरुजी स्वतः रिक्षा घेऊन दारात आले. आत चांगुणाबाई बसल्या होत्या. धुतलेलं लुगडं, मांडीवर खण-नारळ. "लेकीची ओटी भरायची हाय," त्या म्हणाल्या. "माझं नाव घातलं तिनं." कारभारी त्यांच्याशेजारी बसले.

लेखिका अर्पिता तिशी-पस्तिशीची होती. तिचं भाषण झालं. चांगुणाबाई लेकाचा हात धरून पुढं गेल्या, तिची ओटी भरली आणि म्हणाल्या, "बाई, मला वाचाया येत न्हाई. माझी पाटी कोणत्या पानावर हाय? नुसतं बोट ठिवू दे मला."

अर्पिताला काही उमजेना. गुरुजींनी समजावलं, तशी ती वरमली. "आजी, मी तुमच्याकडे कधी आले नाही. ही गोष्ट मला माहीतच नव्हती."

मागून कुणीतरी बोललं, "छापताना काढलं असंल. आमचं तेवढं बराबर निघतं."

अर्पिताचा चेहरा कसा झाला ते कारभारींना दिसलं नाही. तिचा पदर हातात चुरगळत होता, तेवढं दिसलं. आता उठून बोलायला हवं होतं. मी खोटं बोललो, मला दिसत नाही, एवढंच. ते उठलेही.

"अण्णा, तुम्हीच दाखवा," गुरुजी म्हणाले. "तुम्ही वाचलंय."

पुस्तक हातात आलं. चांगुणाबाईंचा हात त्यांच्या मनगटावर आला, शेण थापून थापून खरबरीत झालेला. "दाव रे बाबा."

कारभारींनी पुस्तक कुठंतरी उघडलं. म्हातारीचं बोट धरलं आणि डागाखालच्या काळोखात ठेवलं. "हितं."

चांगुणाबाई ते बोट हळूहळू ओळीवरून फिरवू लागल्या.

अर्पिता वाकली. कारभारींच्या कानाशी हलकेच म्हणाली, "काका, हे शेवटचं पान आहे. जाहिरातीचं. इतर कादंबऱ्यांची नावं आहेत यावर."

गुरुजीही वाकले होते. त्यांनी पान वाचलं. मग मान वर करून कारभारींच्या डोळ्यांत पाहिलं आणि पाहत राहिले. कारभारींना त्यांचे दोन कान दिसत होते, आणि मध्ये काळं.

"संपत," चांगुणाबाई म्हणाल्या, "तू वाच बरं. बराबर लिवलंय का?"

गुरुजींची जीभ तिखट होती, आता ती कुठं लागणार हे कारभारींना ठाऊक होतं. ते तिची वाट पाहत उभे राहिले. लागली असती तर बरं झालं असतं.

"हो माय," गुरुजी म्हणाले. "बिलकुल बराबर हाय. हितंच हाय तुही पाटी."

म्हातारीनं बोट उचलून कपाळाला लावलं. बायांनी टाळ्या वाजवल्या.

कारभारींनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. भिंत चाचपली, दाराची चौकट कडेनं दिसत होती तिचा अंदाज घेतला, आणि ते बाहेर निघून गेले.