पडकईला मेसेज कशाला लागतो?

पडकईची समिती केली, अध्यक्ष नेमला, हा ग्रुप काढला, आणि कामाला माणूस येईनासा झाला. आज सखूबाईच्या शेतावर काय झालं ते वाचा.

बाई एकटी. भातखाचराचा बांध फुटलाय. पडकईत आज तिची पाळी, हे सगळ्या वाडीला माहीत होतं. पडकई म्हणजे आज तुझ्या शेतात सगळे, उद्या माझ्या. आजवर बोलावणं कधी लागलं नाही, घरटी एक माणूस कुदळ घेऊन यायचा. आज आम्ही दोघीच.

मी फोन लावले. एक म्हणतो, "वैनी, अध्यक्षाचा मेसेज न्हाई आला." अध्यक्ष म्हणतो, "मावशी, मला कुनी सांगितलंच न्हाई."

बांधावर मुंग्या अंडी घेऊन वर चालल्या होत्या. सखूबाई म्हणाली, "ह्यांचा अध्यक्ष कोन गं?" मी हसले. ती हसली नाही.

पाऊस लागला की तिची माती ओढ्याला जाईल, मग भात कशात लावायचं? तुमच्या प्रत्येकाच्या बांधाला तिनं दगड वाहिलेत.

अध्यक्ष नेमा म्हणून पहिला हात मीच वर केला होता. चुकलं माझं.

रविवारी सकाळी कोण कुदळ घेऊन येणार, ते शनिवारपर्यंत इथंच लिहा. अध्यक्षाला न विचारता.