पाहुण्यांसमोरची गिरकी

चाळीतून टॉवरमध्ये आलो तेव्हा आमच्याबरोबर कुत्राही आला. तसा तो आमचा नव्हताच, अख्ख्या मजल्याचा होता. एका घरी चपाती, दुसऱ्या घरी बांगड्याचं डोकं, झोपायला जिन्याखाली. पण सामान हलवलं त्या दिवशी तो टेम्पोमागे धावत सुटला आणि मला राहवेना. "सगळ्यांना फ्लॅट मिळतोय, मग यानेच काय घोडं मारलंय?" असं मीच नवऱ्याला सुनावलं.

नवं घर अठराव्या मजल्यावर. लिफ्ट, पांढऱ्याशुभ्र टाइल्स, सगळं झकास. फक्त दारं बंद. चाळीत दुपारी दार लावलं की लोक विचारायचे, काय गं, बरं नाही का? इथे जुने शेजारी सगळे याच बिल्डिंगमध्ये, पण वरखाली विखुरलेले. कोणी येईना. नवरा कामावर, मुलगी कॉलेजात. घरात मी, सासूबाई आणि कुत्रा. मला तर अक्षरशः खायला उठायचं ते घर.

एके दुपारी तो हॉलमध्ये स्वतःची शेपटी पकडायला गरागरा फिरायला लागला. मी हसून हसून बेजार! व्हिडिओ काढून चाळीच्या ग्रुपवर टाकला. थोड्याच वेळात पूर्वीची भिंतीपलीकडची शेजारीण दारात हजर. "बघू तरी, कुठाय तुझा भोवरा?" तो पुन्हा फिरला, आम्ही टाळ्या वाजवल्या, त्याला बिस्कीट दिलं, चहा झाला. मग दुसरी आली, तिसरी आली. दर रविवारी माझा हॉल भरायला लागला. कधी तो नुसता पडून राहिला तर मीच म्हणायचे, "ऊठ मेल्या, लोकं आलीत."

पुढे तो शेपटी चावायला लागला. टोकाचे केस गेले. सासूबाई म्हणाल्या, "अगो, ह्यो खेळ न्हय." मी म्हटलं, खाज असेल, पावडर लावू. खरं सांगू? मला तो रविवार बुडवायचा नव्हता. त्याच रविवारी सगळ्यांसमोर टाइल्सवर रक्ताचे शिंतोडे उडाले, आणि हसणं एकदम थांबलं.

परळला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी पिसवा आहेत का बघितलं, शेपटीखाली दाबून बघितलं. तसं काही नव्हतं. "बाहेर किती वेळ नेता?"

"सकाळी. जरासा," मी म्हटलं.

"आणि तो फिरायला लागला की घरातले काय करतात?"

"काही नाही," मी म्हटलं.

"हसतंव आमी," सासूबाई म्हणाल्या. "बिस्कीट देतंव."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. बाई ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की कोंडलेला कुत्रा काहीतरी चाळा शोधतो, त्यावर लोक खूश झाले की तोच धरून बसतो, आणि मग दुखलं तरी त्याला थांबता येत नाही. जखम भरली नाही तर शेपटी कापावी लागेल. त्याला दोन्ही वेळा भरपूर फिरवा, आणि तो गिरकी घ्यायला लागला की कोणी बघायचं नाही, हसायचं नाही.

आता मी त्याला खाली नेते, पार नाक्यापर्यंत. जखम सुकतेय. डॉक्टरबाई म्हणतात, बहुतेक शेपटी वाचेल.

परवाच्या रविवारी जुन्या शेजारणी त्याला बघायला आल्या. सगळ्यांना मी दारातच बजावलं होतं. चहा दिला आणि तो कोपऱ्यातून उठला. जखम चावू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा भोंगा, शेपटीला पट्टी. आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्याने एक गिरकी घेतली. भोंगा सोफ्यावर आपटला, त्याने दुसरी घेतली. मग तो थांबला आणि एकेकीसमोर जाऊन मान वर करून तोंडाकडे बघायला लागला. सगळ्यांत शेवटी माझ्याकडे आला. मी कपात बघत बसले. तो किती वेळ उभा होता कोण जाणे, माझी वर बघायची हिंमतच झाली नाही.