शिनोलीला अडकलेली पिवळी साडी

पुण्यातून निघालो तेव्हा माझ्याकडे गाडी होती, पण पूर्ण नव्हती. बरीचशी शोरूममधून घरी आली होती; उरलेली हवेतून यायची होती. गाडी विकणाऱ्या मुलीने हे इतक्या गोड आवाजात सांगितलं की मी आपला मान डोलावत राहिलो.

"सर, मागचा कॅमेरा जरा सावकाश उघडतो, पण ते अपडेटमध्ये होऊन जाईल. गाडी अजून मराठी बोलत नाही, तेही अपडेटमध्ये. आणि पाऊस आला की वायपर आपोआप..."

"अपडेटमध्ये," मी म्हणालो.

"बरोब्बर, सर!"

अपडेट म्हणजे विजेच्या गाडीची शिकवणी. कंपनी मोबाइलवरून धडा पाठवते, गाडी तो पाठ करते आणि शहाणी होते. उन्हाळा उजाडला तरी आमच्या गाडीचे मास्तर काही फिरकले नव्हते. रोज सकाळी दात घासत मी मोबाइल बघायचो आणि आमच्या मंदाताई (म्हणजे माझी बायको, भांडणाच्या आणि कौतुकाच्या वेळी मी तिला ताई म्हणतो) आतून विचारायच्या, "आला का हो निरोप मुलाकडच्यांचा?"

अशा अर्ध्यामुर्ध्या गाडीतून आम्ही वैशाखातल्या एका सकाळी निघालो, ते तळेघरला. माझ्या धाकट्या बहिणीच्या, सुमनच्या लेकीचं लग्न. अश्विनीला मी एकुलता एक मामा. मामा म्हणजे लग्नातलं मोठं पात्र, हे वाचकांना सांगायला नको. आमच्याकडे मामाने पिवळी (भाचीसाठी मामाकडून येणारी पिवळी साडी) आणायची, ती नेसून मुलीने गौरीहरापाशी बसायचं आणि मग मामाने तिला हाताला धरून मांडवात आणायचं. मामाला ताप आला तर चुलतमामा चालतो, वेळेला शेजारचाही चालतो. पिवळीला मात्र बदली नाही.

नारायणगाव सोडलं की हवेला कांद्याचा आणि टोमॅटोचा वास येतो. पहिला थांबा ओझर. विघ्नहराच्या दारात गाडीची पूजा करायची, चाकांखाली लिंबं ठेवायची, असा बेत. हार विकणाऱ्या बाईंनी बॉनेटला हार बांधला आणि कान देऊन ऐकलं.

"भाऊ, गाडी चालू करा ना. लिंबं चिरडायचीत."

"चालूच आहे."

"मंग बोलत का न्हाई?"

"तिला मराठी अजून यायचंय."

बाईंनी मंदाकडे बघितलं. मंदाने कपाळाला हात लावून सगळा खुलासा केला.

गाभाऱ्यात मी हात जोडले आणि अगदी मनापासून अपडेट मागितलं. बाहेर येताना मंदा म्हणाली, "देवाकडे मागायचं तर नीट मागावं. काय पाहिजे ते सांगितलंत. कधी पाहिजे ते सांगितलंत का?" मी हसलो. दुसऱ्या दिवशी हसू शकलो नाही.

संध्याकाळी जुन्नरला पोचलो. शिवनेरीच्या मागे सूर्य गेला होता आणि पेठेत दिवे लागत होते. पिवळी जुन्नरचीच हवी, असा सुमनचा हुकूम होता; तिच्या लग्नातली आमच्या मामाने इथूनच नेली होती. दुकानात शब्बीरभाई नावाचे पांढऱ्या दाढीचे गृहस्थ गादीवर बसले होते. मी पहिलीच साडी उचलली, तशी त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"कोणाची? भाचीची?"

"हो."

"मग ही नको. ही जावेला द्यायची साडी आहे." त्यांनी आतून दुसरी आणवली, हळदीसारखी पिवळी, बारीक हिरव्या काठाची. "ही घ्या. धुतली की आणखी खुलते. काठ जपून ठेवायला सांगा, पुढे लेकराचं टोपडं होतं त्याचं."

मंदाने साडीवरून एकदाच हात फिरवला आणि भाव न करता पिशवी पुढे केली. आमच्या संसारात हे प्रथमच घडत होतं.

सकाळी जुन्नरहून घोडेगावकडे निघालो. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली रानं, बांधावर आंबे, मध्येच एखादी विहीर. घोडेगाव मागे पडलं, समोर सह्याद्रीची निळी भिंत उभी राहिली, आणि शिनोलीला चहाची तल्लफ आली. रस्त्याकडेला ताराबाईंचं हॉटेल. भीमाशंकरला जाणारे-येणारे इथे मासवडी खायला थांबतात. (नावावर जाऊ नका. बेसनाच्या पोटात तीळ-खोबऱ्याचं सारण भरून तिची वळकटी करतात, कापलेली वडी दिसते माशाच्या तुकड्यासारखी. बाकी तिने मासा पाहिलेलासुद्धा नसतो.) गाडी समोरच्या वडाखाली लावली. दुपारचा मुहूर्त होता, हातात भरपूर वेळ होता. चहाचा पहिला घोट घेतला आणि मोबाइल वाजला.

अपडेट आलं होतं.

वाचकहो, इतकी वाट मी स्वतःच्या लग्नाचीही पाहिली नव्हती. मोबाइलवर निळं बटण होतं: आता करा. खाली बारीक अक्षरांत काहीबाही लिहिलं होतं.

"अहो, लग्न होऊ द्या आधी," मंदा म्हणाली.

"वर तळेघरला फोन लागतो, पण नेट चालत नाही. परत येईपर्यंत ते निघून गेलं तर? लक्ष्मी टिळा लावायला आली असता तोंड धुवायला जाऊ नये!" असं म्हणून मी नाटकातल्या राजासारखं बोट उंचावलं आणि दाबलं.

रस्त्यापलीकडे गाडीने एकदा डोळे मिचकावले, दोन्ही आरसे कानांसारखे पाडले आणि खट्कन सगळी दारं लावून घेतली. मग मी बारीक अक्षरं वाचली. अपडेट संपेपर्यंत गाडी चालणार नव्हती, दारं उघडणार नव्हती, डिकीही उघडणार नव्हती.

"पिवळी कुठे आहे?" मंदाने विचारलं. तिला ते माहीत होतं. पण काही प्रश्न नवऱ्याच्या तोंडून उत्तर ऐकण्यासाठीच विचारायचे असतात.

"डिकीत."

सुरुवातीला टक्के भराभर चढले, मग एका जागी बसले. एकसष्ट. चहा संपला, दुसरा संपला, एकसष्ट. ताराबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"काय झालं, पावणं? पंक्चर?"

"नाही हो. गाडी शिकते आहे."

"रस्त्यात?" त्यांनी वडाखाली बघितलं. "लई हुशार व्हणार मंग."

हां हां म्हणता बाकड्यांवर गर्दी जमली. एकाने टायर दाबून बघितला. दुसऱ्याने बॅटरीची वायर काढून लावायला सांगितलं, ट्रॅक्टरचं तसंच असतं म्हणाला. "मामा, तुमी टमटमनं पुढं जा," तिसरा म्हणाला. पण मी गेलो तरी पिवळी इथेच राहणार होती. एवढ्यात सुमनचा फोन आला.

"दादा, कुठं आहेस? अश्वी हळदीच्या साडीत बसलीय. तिच्या काकूंनी स्वतःची पिवळी पुढं केली तर म्हणाली, मामाची आल्याशिवाय उठणार नाही. काय सांगू तिला?"

"निघालोच," मी म्हणालो. गाडीने आरसे पाडलेलेच होते, त्यामुळे हे खोटं तिने ऐकलं नाही.

फोन ठेवला आणि मंदाकडे बघितलं. वडाच्या पाराजवळून तिने नारळाएवढा धोंडा उचलला आणि माझ्या हातात दिला.

"काच फोडा."

"नवी गाडी आहे, मंदा."

"भाचीही एकच आहे."

खरं होतं. अश्विनी दोन वर्षांची असताना माझ्या खांद्यावर बसून माझे केस धरायची. ते केस आता नाहीत, पण खांदा आहे. मी धोंडा घेऊन मागच्या काचेपाशी उभा राहिलो. हात उचलला. डोळे मिटले. आणि घोडेगावच्या बाजूने बँजोचा आवाज आला.

जुन्नरहून निघालेलं मुलाकडचं वऱ्हाड! पुढे बँजोपार्टीचा टेम्पो, मागे फुलांनी मढलेली नवरदेवाची जीप, त्यामागे बस. मी धोंडा टाकला. डोक्यात असा काही लख्ख उजेड पडला की काय सांगू. नवरी मामासाठी थांबेल की नाही, ते गुरुजी ठरवणार. पण नवरदेवाशिवाय लग्न लागल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मी रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरले. टेम्पो कचकन थांबला आणि मागे जीपही. पुढच्या सीटवरून फेट्यातले एक भरदार मिशांचे गृहस्थ उतरले. नवरदेवाचे चुलते, सगळे त्यांना तात्या म्हणत.

"कोन तुमी?"

"मुलीचा मामा! या, या! सीमांतपूजन (वेशीवर नवरदेवाचं स्वागत) झाल्याशिवाय पुढं कसं जाल?"

"पावणं, तळेघरची शीव हितं कुठं आली? अजून अख्खा घाट चढायचाय!"

"तात्या, मुलीचा मामा जिथं उभा, तिथं आमची शीव!"

बसमधल्या बायका हसायला लागल्या. आता तात्यांना मागे हटता येईना. ताराबाईंनी तांब्या आणि परात आणली, मंदाने पर्समधून हळदकुंकवाची डबी काढली. नवरदेवाला, सागरला, बाकड्यावर बसवून मी त्याचे पाय धुतले. इतके सावकाश की प्रत्येक बोट स्वतंत्र धुऊन झालं. मग उजवा पाय पुन्हा धुतला.

"मामा, झाला की त्यो," सागर कुजबुजला.

"धूळ फार आहे या रस्त्याला, जावईबापू."

नंतर सगळ्या वऱ्हाडाला मासवडी आणि झणझणीत रस्सा. यात्रेकरूंसाठी ताराबाईंनी सकाळीच मोठं पातेलं चढवलं होतं. मासवडी समोर आली की जुन्नर-आंबेगावचा माणूस घड्याळ बघत नाही, हे मला माहीत होतं. मी पंक्तीतून आग्रह करत फिरत होतो, आणि प्रत्येक फेरीला वडाखाली जाऊन मोबाइल बघत होतो. एकसष्ट. बासष्ट!

तिसऱ्या फेरीला तात्या माझ्या मागे येऊन उभे होते. मिशीला रस्सा लागला होता आणि डोळे बारीक झाले होते.

"मामा, खरं सांगा. आमचा नवरदेव आन तुमची ही गाडी, दोघंबी हितंच का आडकलं?"

मी सगळं सांगितलं. पिवळी, डिकी, टिळा लावायला आलेली लक्ष्मी, धोंडा. तात्या ऐकत राहिले, मग असे काही हसले की फेटा सुटला.

"आन पोरगी काय म्हनती?"

"मामाची पिवळी आल्याशिवाय उठणार नाही."

त्यांचं हसू थांबलं. ते वळले आणि वऱ्हाडाकडे बघून ओरडले, "ए, कुनी उठायचं न्हाई! आपल्या सूनबाईची पिवळी ह्या गाडीत हाय. ती निगाल्याबिगर वऱ्हाड हालत न्हाई! मुहूर्त काय पळून जातोय व्हय? गुर्जींना फोन लावा, म्हनावं आजचाच दुसरा काढा, पन घाई न्हाई!"

सूनबाई. लग्न लागायच्या आधीच. मंदाने डोळ्याला पदर लावला आणि मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेलो.

मग जे झालं तसं अपडेट जगात कुठल्या गाडीचं झालं नसेल. बँजोवाल्यांनी वडाखाली ठाण मांडलं. सागर मुंडावळ्या सावरत मोबाइल धरून टक्के पुकारू लागला आणि प्रत्येक टक्क्याला पोरं नाचू लागली. सत्तरला ताराबाईंनी गूळ वाटला. ऐंशीला तात्या स्वतः नाचले. नव्वदच्या पुढे सगळे एकदम गप्प झाले. बँजोही थांबला. कुणीतरी खोकलं तर चार जणांनी त्याला गप्प केलं.

खट्! आरसे उभे राहिले, दारं सुटली, आणि डिकी आपली आपण, ओटीत घेतल्यासारखी पिशवी घेऊन वर उघडली. काय गलका झाला!

पुढचा घाट आम्ही वऱ्हाडाच्या पुढे चढलो. खाली डिंभे धरणाचं पाणी चकाकत होतं, उतारावरची भातखाचरं कोरडी पडली होती आणि हिरड्याच्या झाडांखाली गुरं सावली धरून उभी होती. मी यातलं फारसं काही पाहिलं नाही. मंदाने पिवळी मांडीवर घट्ट धरली होती. आता ती डिकीवर विश्वास ठेवायला तयार नव्हती.

तळेघरच्या घरात अश्विनी पाटापाशी बसली होती. मला बघून म्हणाली, "किती वाट बघायला लावलीस रे मामा!" आणि साडी हातात घेऊन आधी नाकाशी नेली. थोड्या वेळाने ती पिवळी नेसून बाहेर आली तेव्हा काकूंनी स्वतःची पिवळी गुपचूप ट्रंकेत परत ठेवली. गुरुजींनी हाक दिली, "मुलीचे मामा!" मी तिचा हात धरला. मांडव तेवढाच होता, पण मी तो जमेल तितका सावकाश ओलांडला. तात्या पलीकडून ओरडले, "मामा, हितं पन शिकवनी चालू हाय का?"

ज्यांना उत्सुकता असेल त्यांच्यासाठी: अपडेटमध्ये काय आलं? दार उघडल्यावर होणारा आवाज बदलला. पूर्वी टिंग व्हायचा, आता टुंग होतो. बाकीचं पुढच्या अपडेटमध्ये.

संध्याकाळी पाठवणी झाली. फुलांची जीप सोडून अश्विनी आमच्या गाडीत बसायला निघाली. मामाच्या गाडीतूनच सासरी जाणार म्हणाली. सागर तिच्या शेजारी, मंदा पुढे. सुमनच्या मिठीतून सुटून ती आत बसली, आणि मग मला विजेच्या गाडीचा एक गुण कळला, जो शोरूमवालीला माहीत नसावा. तिला आवाज नाही. दुसऱ्या कुठल्या गाडीत इंजिनाच्या घरघरीत मुलीचं रडणं लपून जातं, इथे एकेक हुंदका स्वच्छ ऐकू येत होता. सागर खिडकीबाहेर बघत बसला. मंदाही रडू लागली. मी रस्ता बघत होतो, तो अधूनमधून पुसट होत होता.

घाट उतरायला लागलो. बऱ्याच वेळाने मागून ओलसर आवाज आला.

"मामा, तो आकडा वाढतोय."

"कुठला?"

"बॅटरीचा. निघालो तेव्हा कमी होता. आता जास्त आहे. चालवल्यावर वाढतो कसा?"

"उतार लागला की गाडी स्वतःच भरून घेते. चढताना खर्च झालेलं थोडं परत मिळतं."

ती पुढे वाकली. हिरवा चुडा माझ्या खांद्यावर आला. एका वळणावर आकडा एकने वाढला आणि ती नाक ओढत म्हणाली, "वाढला!" पुढच्या वळणावर सागर म्हणाला, "वाढला!" मग मंदासुद्धा. शिनोलीपर्यंत आम्ही चौघं रडून सुजलेल्या डोळ्यांनी आकडे मोजत उतरलो. तिला जुन्नरला सासरच्या दारात सोडून पुण्याला परत आलो, त्याला आता बरेच दिवस झाले. दरवेळी उतार आला की मी मंदाला म्हणतो, बघ, वाढतोय. तिने अजून एकदाही "माहीत आहे" म्हटलेलं नाही.