मामांसाठी दोन बॅटऱ्या: रहिमतपूरमार्गे पलूस

हा प्रवास नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटचा, साखर कारखान्यांचा हंगाम नुकताच सुरू झाला होता तेव्हाचा. वाटेत बघण्यासारखं फारसं काही नाही, हे आधीच सांगून टाकतो. किल्ले हवे असतील त्यांनी साताऱ्यातच उतरावं. मी निघालो होतो मामांना बॅटरी द्यायला. आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि आत घालतात ते सेल.

मामा पलूसजवळच्या एका वाडीवर एकटेच राहायचे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, मामी वारलेल्या, दावणीला एक म्हैस. रोज पहाटे आणि दिवेलागणीला किटली घेऊन डेअरीत दूध घालायला जायचे. त्यांचा निरोप आला की जुनी बॅटरी बिघडलीय, पुण्याहून चांगली बघून आण. त्याच आठवड्यात त्यांच्या मुलीचा, विमलआक्काचा रहिमतपुराहून फोन आला.

"जातोयस न्हवं? मग आधी हिकडं ये," ती म्हणाली. "फोनवर बोलण्यासारखं न्हाई."

बॅटरीच्या बाबतीत मी पहिल्यापासून चोखंदळ. बरोबर दोन घेतल्या. एक नेहमीची, पत्र्याची, खिशात मावणारी, पिवळ्या बल्बची. दुसरी एलईडीची. तेव्हा एलईडी म्हणजे टेपरेकॉर्डरवरचा लाल ठिपका एवढंच लोकांना माहीत. त्यातून पांढरा उजेड पडतो म्हटलं की लोक माझ्याकडे संशयाने बघायचे. ऑफिसातल्या एकाचा भाऊ बोटीवर होता, त्याने आणलेली ती मी मागे लागून पटकावली होती. सेल भरपूर पुरतात, बल्ब उडायची भीती नाही, हातातून पडली तरी चालू राहते. उजेड मात्र निळसर, धडधाकट माणूसही त्यात आजारी दिसतो. बल्बवालीचा उजेड डोळ्यांना बरा आणि लांब पोचणारा, पण सेल चार-पाच संध्याकाळींत मान टाकतात. मामांना एलईडीच द्यायची असं मी ठरवूनच टाकलं होतं. बल्बवाली आपली तुलनेला.

सकाळी स्वारगेटहून एसटी पकडली. खंबाटकी घाटात ट्रकच्या मागे रांगत रांगत चढलो, साताऱ्याच्या स्टँडवर तेलकट भजी आणि गोडमिट्ट चहा घेतला, आणि रहिमतपूरच्या गाडीत उभ्याने गेलो. साताऱ्याहून या गाडीला बसायला जागा हवी असेल तर खिडकीतून रुमाल टाकायची लाज धरू नका. मी धरली आणि तासभर एका बाईंच्या कोंबडीची टोपली सांभाळत उभा राहिलो.

विमलआक्काने जेवायला वाढलं, पण समोर बसून राहिली, स्वतः घास घेतला नाही.

"बाबा दिवाळीला आले तवा पाण्याचा तांब्या हाताशी असून चाचपडत हुते," ती म्हणाली. "इचारलं तर चिडत्यात. हितं राहा म्हटलं तर म्हणत्यात, मला समदं दिसतंय. तू बघून ये. दोन्ही बॅटऱ्या लावून दाव आणि कुठली बरी ते इचार. दिसत असंल तर सांगतील."

"आणि नसलं तर?"

"तर मी घिऊन येणार त्यास्नी. म्हस इकायची, घराला कुलूप घालायचं. उसाच्या गाडीखाली जाण्यापरीस बरं."

म्हणजे मी बॅटरी द्यायला नाही, मामांची परीक्षा घ्यायला निघालो होतो. मला ते अजिबात आवडलं नाही. पण आक्काचंही चुकत होतं असं म्हणवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मसूरमार्गे कराड आणि तिथून ताकारीवरून पलूस. नकाशात अंतर किरकोळ दिसतं, त्यावर विसंबू नका. हंगामात हा सगळा रस्ता उसाचा असतो. पुढे बैलगाड्यांची माळ, मागे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मध्ये आमची एसटी. एका म्हाताऱ्याने कंडक्टरला विचारलं, "पलूस कवा येणार वं?"

"म्होरच्या बैलास्नी इचारा," कंडक्टर तिकिटं फाडता फाडता म्हणाला. सगळे हसले, मीही हसलो. मग खिडकीतून त्या गाड्यांची चाकं आणि रस्त्याची कड यांच्यातली फूटभर जागा बघितली आणि आक्काचं बोलणं आठवलं.

वाडीवर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. मामा अंगणात दावं वळत बसले होते.

"कोण रं?"

"मी, मामा."

"सुभ्या व्हय? ये गड्या, हातपाय धू."

घरात ते इतके सराईतपणे वावरत होते की आक्काला उगाच भ्रम झालाय असं मला वाटायला लागलं. स्टोव्ह पेटवला, चहा गाळला, थेंब सांडला नाही. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि मामींचा फोटो, दोन्ही लख्ख पुसलेले. फक्त मामांच्या कोपरापासून मनगटापर्यंत खरचटल्याची मोठी खपली होती. विचारलं तर म्हणाले, "गाडी घासली जरा. त्याचं काय एवढं."

चहा झाल्यावर मी बॅटऱ्या काढल्या. उन्हात काय कळणार, म्हणून आम्ही गोठ्यामागच्या कडब्याच्या खोलीत गेलो. दार लोटल्यावर आत डोळ्यांत बोट घातलं तरी कळू नये असा अंधार. मी आधी एलईडी त्यांच्या हातात दिली आणि तिचं गुणगान सुरू केलं. त्यांनी बटण चाचपून दाबलं. त्या निळ्यापांढऱ्या उजेडात कडब्याची पेंढी न् पेंढी उठून दिसली. मामांनी बॅटरी भिंतीकडे धरली नाही. उलटी केली आणि काच गालाला लावली.

बराच वेळ तशीच धरून उभे होते. तो सगळा उजेड त्यांच्या उघड्या डोळ्याशेजारी होता आणि पापणी लवत नव्हती.

"ही लागत न्हाई," ते म्हणाले.

 मी ती काढून घेतली आणि बल्बवाली दिली. पुन्हा बटण, पुन्हा गाल. थोड्या वेळाने त्यांच्या चेहऱ्यावर समाधान आलं.

"हां, ही चालू हाय. ऊब लागती. हीच दे."

"मामा," मी म्हटलं, "पहिलीही चालू होती."

त्यांनी बॅटरी बंद केली. अंधारातच बोलले, आणि फार शांतपणे बोलले.

"मंजी तुला कळलं. मिरजंच्या डाक्टरनं सांगितलंय, काचबिंदू हाय, जे गेलं ते परत येत न्हाई. उन्हाळ्यापासनं काहीच न्हाई बघ."

"मग बॅटरी कशाला हवी?"

"वाट पायाला ठावं हाय रं. बॅटरी मला दिसाय न्हवं, लोकास्नी मी दिसाय. त्या दिशी सेल कवा संपला ते कळलंच न्हाई. काच जुनी, ऊब लागंना झाली हुती. गाडीवाल्याला मी दिसलो न्हाई आन् चाक घासलं. म्हणून म्हटलं, चांगली आण. पेटली हाय का न्हाई ते मला कळाय पायजे, बाकी कायबी न्हाई."

सेल किती टिकतात, उजेड किती लांब जातो, याचा मी पुण्यापासून किती काथ्याकूट केला होता. मला तिथेच रडू आलं. त्यांना दिसत नव्हतं म्हणून मी डोळे पुसलेही नाहीत.

दिवेलागणीला त्यांच्याबरोबर डेअरीवर गेलो. उजव्या हातात किटली, डाव्या हातात बॅटरी, खाली नव्हे, छातीशी, समोर रोखलेली. मधूनमधून काच गालाला लावायचे आणि पुन्हा समोर धरायचे. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. ड्रायव्हरने लांबूनच वेग कमी केला आणि ट्रॉल्या पलीकडच्या कडेला घेतल्या.

"राम राम हवालदार," तो ओरडला.

"राम राम," मामांनी बॅटरीचा हात वर केला. ट्रॅक्टर गेल्यावर मला म्हणाले, "बघितलंस? काय अडतंय माझं?" थोडं चालून पुन्हा म्हणाले, "इमलला काय सांगणार हायस?"

मी म्हटलं, "खरं ते सांगीन."

 दूध मोजून झालं, मामा डेअरीवाल्याशी दुधाच्या फॅटवरून नेहमीसारखे भांडले, आणि परत येताना माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. सकाळी एसटीला सोडायला मात्र आले. बॅटरी ठेवून घेतली.

रहिमतपुरात उतरून आक्काला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. "अजिबातच न्हाई?" तिने विचारलं. मी मान हलवली. तव्यावरची भाकरी करपेपर्यंत ती तशीच बसून राहिली. पुढच्याच आठवड्यात जाऊन तिने मामांना आणलं, म्हैस शेजाऱ्यांना विकली.

आज कोणी मला विचारलं की कुठली बॅटरी घ्यावी, तर मी एलईडीच सांगतो. बल्बच्या आता मिळतही नाहीत फारशा. पलूसचा रस्ताही रुंद झालाय, कराडहून तुम्ही आरामात पोचाल. पुन्हा तशी वेळ आली असती तर मी खरं तेच बोललो असतो का, याचाही विचार करून झालाय. बोललो असतो.

मामा आक्काकडे आणखी दोन वर्षं होते. तिने त्यांचं सगळं केलं, उंबऱ्याबाहेर एकटं पाऊल टाकू दिलं नाही. संक्रांतीला मी शेजारच्या पीसीओतून फोन केला, त्यांची तब्येत विचारली, आणि बोलायला काही सुचेना म्हणून म्हटलं, "मामा, बॅटरीचे सेल संपले असतील, येताना नवे आणू का?"

"नगं," ते म्हणाले. "हितं कुणाला दिसायचंय मी?"