कोरड्या कंडेन्सरचा हुंकार

घुमणारा रेडिओ मला सहन होत नाही. कोणाला कुत्र्याचं भुंकणं सहन होत नाही, कोणाला लेकराचं रडणं, तसं माझं. रस्त्यानं जाताना एखाद्या घरातून ती घूं ऐकू आली की डोकं फिरतं. वाटतं, सरळ आत शिरावं, रेडिओचं मागचं झाकण उघडावं अन कामाला लागावं. बालाघाटच्या बाजारात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हाची ही खोड. दुकान गेलं, खोड राहिली.

साठ सालाच्या पुढची ती वर्षं. रेडिओ म्हणजे लाकडी पेटी, आत काचेचे व्हॉल्व्ह, बटण दाबल्यावर तापायलाच वेळ घेणारे. लालबर्रा, खैरलांजीकडची माणसं बसमध्ये रेडिओ मांडीवर घेऊन यायची, आजारी लेकरू दवाखान्यात आणावं तशी. निम्म्यांचं दुखणं एकच. "भाऊ, घुमून राह्यला." हिंदी बोलणारा असला तर, "भैया, घूं-घूं करता है." मी आवाजाचं बटण पार खाली करायचो. गाणं गेलं अन घूं तशीच राहिली, की समजायचं, फिल्टरचा कंडेन्सर कोरडा झाला.

हा कंडेन्सर म्हणजे अंगठ्याएवढा अॅल्युमिनियमचा डबा. आत ओलसर कागदाची गुंडाळी. विजेच्या तारेतून येणारा करंट हेलकावे खातच येतो, अन व्हॉल्व्हला तो लागतो सपाट. नळाचं पाणी गचके देत रांजणात पडतं, पण रांजणाच्या तोटीतून एकसारखं निघतं, तसंच हे. लाट आली की कंडेन्सर भरून घेतो, ओसरली की आपल्यातलं देतो. वर्षानुवर्षं तापून तापून आतला ओलावा उडाला की त्याच्यात काही धरून ठेवायची ताकद राहत नाही. मग त्या लाटा सरळ स्पीकरमधून ऐकू येतात.

दुसरा एक कंडेन्सर असतो, लहानसा, दोन व्हॉल्व्हच्या मधात बसवलेला. पहिल्या व्हॉल्व्हवर विजेचा दाब फार. तो जसाच्या तसा पुढं गेला तर पुढच्या व्हॉल्व्हची राख व्हायची. मधला कंडेन्सर तो दाब अडवून धरतो अन गाणं तेवढं पलीकडं जाऊ देतो. मग पुढचा व्हॉल्व्ह ते गाणं मोठं करतो. घरातला रेडिओ काय अन लग्नात भोंगे वाजवणारा अॅम्प्लिफायर काय, सगळ्यांचा कारभार असाच.

आमच्या घरात हे मधलं काम माय करायची. बाबा रेल्वेच्या छोट्या लाइनवर, म्हणजे नॅरोगेजवर, रुळांची डागडुजी करणारे गँगमन होते, रिटायर होऊन घरी बसले होते. तापट माणूस, अन मी त्यांच्याहून काकणभर जास्तच. बाबा आतल्या खोलीतून म्हणायचे, "सांग त्याले, दिवस बुडेवर उंडारत जाऊ नको म्हणा." माय बाहेर येऊन मला सांगायची, "बाबा विचारून राह्यले, जेवला का." माझं फणकाऱ्याचं उत्तरही असंच धुऊन पुसून आत जायचं. आम्ही दोघंही ऐकू येण्याच्या टप्प्यात असायचो, तरी तिच्या तोंडून आलेलंच खरं मानायचो.

माय गेली अन आम्ही बापलेक एका छपराखाली एकटे पडलो. सरळ बोललं की भांडण व्हायचं, म्हणून दोघांनीही बोलणं सोडलं. माझं लग्न राहून गेलं होतं. जमवणारी तीच होती. सकाळी मी भात-वरण करून ठेवायचो अन दुकानात जायचो. दुपारी घरी येऊन जेवायचो. बाबांचं ताट धुऊन पालथं घातलेलं असायचं, त्यावरून समजायचं की जेवले. वरणात मीठ विसरलो तरी ते बोलायचे नाहीत. ती शांतता अंगावर यायची. दुकानात दिवसभर दहा आवाजांशी माझी झटापट, अन घरी आलो की भांड्याला चमचा लागला तरी दचकायला व्हायचं.

घरात रेडिओ होता. मायला नागपूरचं मराठी ऐकायचं होतं, म्हणून मी जुन्या पेटीत नवे भाग घालून तिच्यासाठी उभा केला होता. ती गेल्यावर काही महिन्यांत तो घुमायला लागला. कंडेन्सर जुनाच होता, जायचाच होता. पण गिऱ्हाइकांना चघळायला विषय मिळाला. "भाऊ, तुमच्याच घरचा रेडिओ घुमते म्हंते, तुमाले डॉक्टर पाह्यजे का?" मी हसायचो, आतून जळायचो.

त्यात एक दुपार अशी की घरी आलो तर रेडिओच्या डायलचा दिवा लागलेला, आवाजाचं बटण पार खाली, अन बाबा समोर पाटावर बसलेले. गाणं नाही, बातम्या नाही, दुपारचं स्टेशन तर केव्हाच बंद झालेलं. नुसती घूं. मी आत आलो तसे ते उठून मागच्या अंगणात गेले. पुढंही दोनचारदा असंच पाहिलं. एकदा मी बोललोच, "ऐकायचं नसन तं बंद करत जा ना बाबा. काहून व्हॉल्व्ह जाळून राह्यले?" बाबांनी रेडिओ बंद केला अन अंगणात गेले.

उन्हाळ्यात बाबा खैरलांजीकडं नात्यातल्या लग्नाला गेले. मी पेटी उघडली, कोरडा कंडेन्सर काढून दुकानातल्या निकामी मालाच्या डब्यात फेकला अन नवा घातला. बटण दाबलं. व्हॉल्व्ह तापले, नागपूर लागलं, घूं साफ गेली. आवाज खाली केला की रेडिओ आहे की नाही हेही समजू नये. मी खूश झालो. वाटलं, म्हातारा तोंडानं नाही बोलला तरी मनात म्हणेल, पोराच्या हातात काहीतरी आहे.

बाबा परत आले. दुपारी रेडिओ लावला, बटण खाली केलं, बसले. थोड्या वेळानं कान जाळीला लावला. मग बंद केला. त्या दिवसापासून त्यांनी रेडिओला हात लावला नाही. आठवडाभरात ताट अर्धं उष्टं राहायला लागलं, मग जेवढं वाढलं तेवढंच पडून राहायला लागलं. मी डॉक्टरला घेऊन आलो. डॉक्टरनं नाडी पाहिली, टॉनिक लिहून दिलं. बाबा भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. मला भीती वाटली, खरं सांगतो. वाटलं, हा माणूस असाच पडल्या पडल्या मायच्या मागं जाईल, अन आपण या घरात कोणाशी न बोलता राहू? न बोलायलाही कोणी लागतंच.

शेवटी मीच तोंड उघडलं. "बाबा, काय झालं सांगाल का? काही दुखते का?"

भिंतीकडूनच उत्तर आलं. "थो हूं म्हणे. थो काहून बंद केला?"

"कोण हूं म्हणे?"

"रेडिओ."

मला काही समजेना. मग एकदम समजलं.

आमच्याकडं कोणी कहाणी सांगत असलं की ऐकणाऱ्यानं मधून मधून 'हूं' म्हणायचं असतं. त्याला हुंकार देणं म्हणतात. हुंकार थांबला की सांगणारा थांबतो. समजतो, ऐकणारा झोपला, नाही तर त्याला गोडी राहिली नाही. बाबांना सांगायची भारी आवड. छोट्या लाइनवरचे किस्से, जंगलातून गाडी जाताना रुळावर बसलेलं अस्वल, कुठं कुठं राहिले, काय खाल्लं. माय तांदूळ निवडता निवडता हूं म्हणत राहायची. ऐकलेलंच शंभरदा ऐकायची अन तरी हूं म्हणायची. मी लहानपणी बसायचो. मोठा झालो तसा मधातच उठून जायला लागलो.

"मले समजते थो लाकडाचा डबा हाय," बाबा म्हणाले. "येडा नाही झालो मी. पण थो मधातच उठून जात नाही."

मी चप्पल घालून दुकानात गेलो अन निकामी मालाचा डबा उपडा केला. आमचा कंडेन्सर कोणता, ते ओळखू येईना. सगळे तापून काळे पडलेले, वरची अक्षरं उडालेली. चांगला कंडेन्सर मी डोळे झाकून निवडला असता. बिघडलेल्यातून नेमका बिघडलेला कसा निवडतात, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मूठभर उचलून घरी आणले.

पेटी उघडून बाबांसमोरच बसलो. एक जोडला. रेडिओ घर्रर्र करायला लागला. बाबा कान देऊन म्हणाले, "नाही. हा तं भांडून राह्यला." काढला, दुसरा जोडला. अगदी बारीक घूं आली. "हा झोपला." तिसरा तर लावल्याबरोबर असा तापला की मीच झटकन काढला. मग एक लावला अन बाबा उठून बसले. डोळे मिटून ऐकत राहिले. "हौ," म्हणाले. "हाच."

मी म्हटलं, "बाबा, हा कोरडा हाय. तापते. एखांद्या दिवशी फुटन."

"फुटू दे."

"पाहा बरं, लक्ष ठेवा लागन."

"मंग ठेव ना," बाबा म्हणाले.

असा मी दुपारी घरी थांबायला लागलो. दुकानाला दोनचार घंटे कुलूप. बाहेरच्या छपरीत सतरंजी टाकून, गिऱ्हाइकांचे रेडिओ उघडून मी सोल्डर करत बसायचो. कोणी विचारलं तर सांगायचो, घरी एका सेटवर नजर ठेवायची आहे. खोटं नव्हतं. आत बाबा रेडिओ लावायचे, बटण खाली करायचे अन सांगायला लागायचे. आधी मी बाहेर आहे म्हणून आवाज लहान. मग विसरून गेले, नाही तर विसरल्यासारखं केलं. अस्वल आलं, गाडी आली. बाबा पुन्हा जेवायला लागले, तसा आवाजही ठणठणीत झाला. रेडिओ हूं म्हणत राहिला. मी छपरीत तोंडातून शब्द न काढता ऐकत राहिलो. हुंकार द्यावा असं कितीदा ओठांवर आलं, पण आमचं बोलणंच नव्हतं, अन हुंकार देणारा तर आत बसला होता. भिंतीच्या अलीकडं मी अन पलीकडं ते. इतकं एकटं मला आमच्या भांडणातही वाटलं नव्हतं.

एका दुपारी त्यांनी लग्नाची गोष्ट काढली. ही मी कधी ऐकली नव्हती. मायला खैरलांजीकडच्या गावाहून बैलगाडीनं आणलं, वैनगंगेच्या घाटावर आले, पाणी चढलं होतं. वऱ्हाडी पुढच्या नावेत गेले. मागच्या नावेत ही दोघं, नावाडी अन एक ट्रंक. माय तेव्हा चौदा-पंधराची. घरून निघाल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. "नाव बराबर मधात आली," बाबा सांगत होते, "अन हे पोरगी मले पयल्यांदा बोलली. म्हणे, मले इथंच उतरवा..."

आत फट् आवाज झाला. जळका वास आला. मी धावत जाऊन प्लग उपटला. डायलचा दिवा विझला होता अन पेटीतून धूर निघत होता. कंडेन्सर फुटला होता, बहुतेक व्हॉल्व्हही घेऊन गेला होता. घूं बंद. बाबा तसेच पाटावर, हात नाव दाखवायला उचललेला. हात हळूहळू खाली आला. तोंड मिटलं. मला वाटलं, संपलं, आता पुन्हा भिंतीकडं तोंड.

मी तिथंच खाली बसलो, रेडिओच्या जागी, त्यांच्या समोर.

"हूं," म्हटलं.

बाबांनी माझ्याकडं पाहिलं.

"कुठवर आलतो मी?" त्यांनी विचारलं.

"नाव नदीच्या मधात हाय," मी म्हटलं. "माय म्हणते, मले इथंच उतरवा."

"हौ," बाबा म्हणाले, अन पुढं सांगायला लागले.